अक्का, पेशी थकल्या नव्हत्या

अक्का, तुला जाऊन अजून महिनाही झालेला नाही आणि मी तुझ्याशी भांडायला बसले आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं असतं, मला माहीत आहे. पण तुझ्याबद्दल चांगलं बोलणारे पुष्कळ निघाले. भांडणारी मी एकटीच होते, तू असतानाही. तेव्हा तेवढं काम माझ्याकडेच राहू दे.

पुण्याहून पीएचडी संपवून मी संस्थेत रुजू झाले तेव्हा बंगळुरात माझं कुणी नव्हतं. जे. पी. नगरात भाड्याची खोली होती, कन्नडचा गंध नव्हता, आणि लॅबमधले लोक माझ्याशी इंग्रजीत जेवढ्यास तेवढं बोलायचे. एकदा कँटीनबाहेर आईशी फोनवर बोलत होते. फोन ठेवला तर मागे तू उभी, हातात स्टीलचा डबा.

"पुण्याची काय गं तू?"

इतक्या दिवसांनी समोरासमोर मराठी ऐकली आणि मला रडूच यायचं बाकी राहिलं.

"मी इथलीच, राजाजीनगरची. आमचे पणजोबा आलते इकडं. आमची मराठी ऐकून हसशील बग," असं म्हणून तू पुढे म्हणालीस, "आता स्वल्प सर बाजूला, मला हात धुवायचेत." मी हसले. स्वल्प हा मराठी शब्द नाही, तुम्ही लोक कन्नडमधून उचललाय, असं काहीतरी शहाणपणाने बोलले. तू हात धुता धुता म्हणालीस, "मग स्वल्पविराम काय कन्नड आहे होय?" आपला पहिला वाद. तो तूच जिंकलीस.

मी 'मॅडम' म्हणाले तर म्हणालीस, "मॅडम त्या अकाउंट्समध्ये बसतात. अक्का म्हण. आणि अहो-जाहो केलीस तर काही शिकवणार नाही."

शिकवलंस मात्र मनापासून. गिनीपिगच्या हृदयातून सुट्या केलेल्या पेशी, त्यांतली एक जिवंत पेशी निवडायची, केसापेक्षाही बारीक टोकाची काचेची नळी तिच्यावर अलगद टेकवायची, आणि त्या नळीला जोडलेल्या रबरी नळीचं दुसरं टोक तोंडात धरून हलकेच ओढायचं. पेशीचं आवरण काचेला घट्ट चिकटलं की झाली सील. मग त्या एका पेशीची वीज पडद्यावर दिसायला लागते. माझ्या हातून सील होतच नसे. मी ओढायचे आणि पेशी फाटायची. एक दिवस तू माझ्या पाठीमागे येऊन उभी राहिलीस.

"नारळपाणी पितेस काय? एवढं ओढतात होय? नुसता श्वास घेतलास की नाही, तेवढंच."

मी नुसता श्वास घेतला. पडद्यावर थरथरणारी रेघ एकदम सपाट झाली. तू "आयतु" म्हणालीस, म्हणजे झालं, आणि कॉफी प्यायला निघून गेलीस. मी त्या पेशीसमोर बसून राहिले. भिंगाखाली ती आखूड काठीसारखी, अंगावर बारीक आडवे पट्टे, आणि जिवंत. तसा आनंद मला त्यानंतर कुठल्याच कामात झाला नाही. ती दुपार तू मला दिलीस. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे जे लिहायचं आहे त्यात ते राहून जाईल.

आपलं काम काय होतं ते तुझ्या घरच्यांनाही नीट माहीत नव्हतं. तुझे भाऊ अण्णा म्हणायचे, "आमची शैला उंदरांच्या हृदयाचं काहीतरी करते." तू दुरुस्तही करायची नाहीस. खरं तर सांगायला सोपं होतं. दर ठोक्यात हृदयाच्या पेशीतून पोटॅशियम बाहेर पडतं, आवरणातल्या ठरलेल्या वाटांनी. ते बाहेर गेलं की पेशी सैलावते आणि पुढच्या ठोक्याला तयार होते. एखाद्या औषधाने ती वाट अडवली तर ठोका लांबतो. हृदयाच्या वरच्या कप्प्यांची थरथर थांबवायला तिथली एक वाट अडवणं उपयोगाचं ठरू शकतं. पण खालच्या कप्प्यांतली दुसरी वाट अडली तर चालताबोलता माणूस कोसळतो. बेळ्ळंदूरच्या एका औषध कंपनीबरोबर आपला प्रकल्प होता. त्यांचं औषध पहिली वाट अडवत होतं. दुसरीला हात लावतं का, हे बघणं आपलं काम. आपल्या विभागाचे प्रमुख रघुनंदन सर मात्र हेच वाक्य नेहमी जरा वेगळं बोलायचे. ते म्हणायचे, दुसरीला हात लावत नाही, हे दाखवणं आपलं काम.

एसीच्या थंडाव्यात केलेले प्रयोग सुंदर आले. दुसरी वाट मोकळीच. सर खूश, कंपनी खूश, मीही खूश. तू एकटी तोंड वाकडं करून बसलीस.

"सदतीसला करून बघू," तू म्हणालीस.

"अक्का, पहिली तपासणी सगळे खोलीच्या तापमानालाच करतात. गरम द्रावणात पेशी टिकत नाहीत, सील तुटतात. किती दिवस घालवायचे?"

"पेशंटचं हृदय एसीत ठेवणार आहेस काय गं?"

या वादात मी हरले, आणि हरले ते बरं झालं असं मला तेव्हा वाटलं होतं. द्रावण अंगाच्या उबेइतकं गरम ठेवून आपण पुन्हा सुरुवात केली. सील तुटायची, पेशी गोल होऊन मरायची, तू म्हणायचीस, "ही गेली. दुसरी बग." मी चिडायचे. तू डब्यातलं कोडबळं माझ्यापुढे सरकवायचीस.

आणि मग ती पेशी मिळाली. सील पक्की, ठोके नियमित. औषध सोडलं आणि पडद्यावरची रेघ खाली यायलाच तयार होईना. ठोका लांबत गेला, लांबत गेला, आणि उतरता उतरता मध्येच पुन्हा वर उसळला. मी म्हणाले, "पेशी थकली असेल." तू मान हलवलीस. "औषध धुऊन काढ." मी साधं द्रावण सोडलं. हळूहळू रेघ पहिल्यासारखी झाली.

"थकलेली पेशी धुतल्यावर अशी ताजीतवानी होत नाही," तू म्हणालीस. "हे औषधाचंच काम आहे."

हे वाक्य तुझं आहे, अक्का. मी बनवलेलं नाही. पुढच्या प्रत्येक पेशीत आपल्याला तेच दिसलं आणि प्रत्येक वेळी तू हेच म्हणालीस.

कंपनीत बैठक होती त्याच्या आदल्या दिवशी सरांनी तुला केबिनमध्ये बोलावलं. दार लावलेलं होतं. बाहेर आलीस तेव्हा तू पदर सारखा करत होतीस, आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "उद्या तूच बोल. तुझं इंग्लिश चांगलं आहे." मला अभिमान वाटला. एवढी मोठी गोष्ट माझ्या हाती दिलीस, असं वाटलं. आज त्या अभिमानाची मला चीड येते.

बेळ्ळंदूरच्या त्या काचेच्या इमारतीत मी सगळं दाखवलं. गारठ्यातल्या रेघा, उबेतल्या रेघा, धुतल्यानंतरच्या रेघा. कंपनीचे प्रमुख शांतपणे म्हणाले, "या तापमानाला पेशी लवकर थकतात. हा परिणाम औषधाचा की पेशींचा?"

"औषधाचा," मी म्हणाले. "आमची खात्री आहे."

आमची, असं म्हणाले मी.

रघुनंदन सर तुझ्याकडे वळले. "शैलजाइतका अनुभव इथे कुणालाच नाही. शैलजा, तुला काय वाटतं?"

तू समोरच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत होतीस. ते घट्ट लागलेलंच होतं, तरी फिरवत होतीस. मग इंग्रजीत म्हणालीस, "शक्यता आहे. पेशी थकलेल्या असू शकतात. पुन्हा करून बघायला हवं."

मी पडद्याशेजारी उभी होते. टेबलाभोवतीचे सगळे माझ्याकडे बघत होते, गॅदरिंगमध्ये ओळ विसरलेल्या मुलीकडे बघतात तसे, जरा दयेने. धुतल्यानंतरची रेघ माझ्या मागे पडद्यावर तशीच होती. ती कुणीच बघत नव्हतं. तू तर नाहीच.

परतताना रिंग रोडवर गाडी जागची हलत नव्हती. तू डबा उघडलास. "खा गं, सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या."

"का, अक्का?"

"घरी गेल्यावर बोलू."

घरी गेल्यावर आपण बोललो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सरांनी मला प्रकल्पातून काढलं, मग माझी मुदत वाढवली नाही. घाईने निष्कर्ष काढते, असं माझ्याबद्दल सांगितलं जाऊ लागलं. दोन ठिकाणी मुलाखतीत मला तेच वेगळ्या शब्दांत विचारलं गेलं. आता मी रक्त तपासायचे किट बनवणाऱ्या कंपनीत आहे. काम वाईट नाही, माणसं चांगली आहेत. पण जिवंत पेशीला हात लावून मला वर्षं झाली, आणि कधी कधी जेवताना स्ट्रॉ तोंडात धरली की उगाच श्वास हलका होतो.

संस्था सोडल्यावर मी तुझ्या घरी आले होते, आठवतं? अण्णांनी दार उघडलं, वहिनींनी कॉफी दिली, आणि तू नळाला पाणी कसं कमी येतं ते सांगत बसलीस. ती दोघं आत गेल्यावर मी विचारलं. तू बराच वेळ कपातल्या फेसाकडे बघत होतीस.

"तू तरुण आहेस, मेधा. तुला दुसरं कुठंही मिळेल. मला तिथंच रिटायर व्हायचं होतं गं."

"मग मला आधी सांगायचंस. मी तशी बोललेच नसते."

"म्हणूनच नाही सांगितलं," तू म्हणालीस. "कुणीतरी बोलायला हवं होतं की."

हे वाक्य मी किती वेळा मनात फिरवलं आहे. म्हणजे खरं काय ते तुला ठाऊक होतं. ते बोललं जावं असंही तुला वाटत होतं. फक्त ते तुझ्या तोंडून नको होतं. तू घाबरलीस हे मी समजू शकले असते, घाबरायचा हक्क सगळ्यांना असतो. पण तू मला पुढे केलंस, आणि मी बोलून झाल्यावर बाजूला झालीस. भित्रेपणा मी माफ केला असता. हिशेबीपणा कसा करू? आणि तरीही त्या दिवशी जाताना तू माझ्या पिशवीत वहिनींच्या हातचं लोणचं घातलंस, आणि मी ते घेतलं. संपवलंही. हे असंच होतं तुझ्याबाबतीत. रागवावं तर हातात काहीतरी ठेवायचीस.

पुढे एकदा तुझा फोन आला. आवाजात लहान मुलीसारखा आनंद.

"ऐकलंस काय? औषध थांबवलं! दुसरीकडं नव्यानं तपासलं त्यांनी. प्राण्यांवरच्या चाचणीतही ठोका लांबलेला दिसला. मग बंदच केलं बग. आपलं बरोबर होतं!"

आपलं, असं म्हणालीस तू.

मलाही आनंद झाला. खोटं कशाला सांगू? ते औषध कुणा माणसाच्या पोटात गेलं नाही याचा आनंद झाला. मग मी विचारलं, "त्या दिवशी तू जे बोललीस ते खरं नव्हतं, हे सरांना आता सांगितलंस का?"

मग तू म्हणालीस, "आता कशाला?"

त्यानंतर आपण सणावारी मेसेज पाठवत राहिलो. दिव्यांची चित्रं, तिळगुळाची चित्रं. त्या चित्रांच्या वर किंवा खाली आपण दोघींनी कधी एक ओळ लिहिली नाही.

तू आजारी आहेस हे अण्णांनी कळवलं. पोटाचा कॅन्सर, उशिरा लक्षात आलेला. मी हॉस्पिटलमध्ये आले तेव्हा तू चादरीखाली दिसतही नव्हतीस इतकी लहान झाली होतीस. पण माझी ओढणी चुकीच्या बाजूला आली आहे हे तुला लगेच दिसलं. मी शनिवार-रविवार येऊ लागले. आपण कशाकशावर बोललो, फक्त त्या दिवसावर नाही. मी ठरवलं होतं, आता विचारायचं नाही.

एका सकाळी शेजारच्या खाटेवरच्या बाईंसाठी नर्स औषधं घेऊन आली. उलटी थांबवायचं इंजेक्शन आणि एक अँटिबायोटिक. नर्सने त्यांच्या मुलीला नावं सांगितली आणि तू डोळे उघडलेस. कोपरावर उठून बसायला लागलीस. मी धरलं.

"डॉक्टरांना बोलव," तू नर्सला कन्नडमध्ये म्हणालीस. आवाज खरखरीत, पण पूर्वीचा. प्रयोग थांबव म्हणताना असायचा तसा.

तरुण डॉक्टर आला. तू त्याला सांगितलंस की ही दोन्ही औषधं हृदयातली पोटॅशियमची एकच वाट अडवतात, एकत्र देण्याआधी ईसीजी काढायला हवा. त्याने निमूटपणे ऐकून घेतलं.

"सकाळीच काढलाय, मॅडम," तो म्हणाला. "नॉर्मल आहे, उद्या परत काढणार आहोत. पण विचारलंत ते चांगलं केलंत."

आणि तो पुढच्या खाटेकडे गेला. तेवढंच. कुणी रागावलं नाही, कुणी हसलं नाही. त्या बाईंच्या मुलीने तुला हात जोडले. तू उशीवर परत टेकलीस आणि छताकडे बघत राहिलीस. तुझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"बोलणं एवढंच असतं होय गं?"

"नाही, अक्का," मी म्हणाले. "एवढंच नसतं. मला विचार."

मला ते बोलायचं नव्हतं. पण ते खरं होतं, आणि मऊ करून सांगायला मला जमलं नाही. जिची तुझी धड ओळखही नव्हती त्या बाईसाठी तू कोपरावर उठून बसलीस. बेळ्ळंदूरला तुला फक्त खुर्चीत बसून दोन शब्द म्हणायचे होते.

तू रागावली नाहीस. डोळे पुसलेस. म्हणालीस, "सरांना फोन लाव."

मी लावला, आवाज मोठा केला आणि फोन तुझ्या तोंडाशी धरला. रघुनंदन सरांनी आधी तब्येत विचारली. तू मध्येच तोडलंस. "सर, त्या दिवशीचा डेटा बरोबर होता. पेशी थकल्या नव्हत्या. मला तेव्हाच माहीत होतं. मेधा खरं बोलत होती."

मग सर अगदी प्रेमाने म्हणाले, "शैलजा, तू आराम कर. औषधांनी मन भलतीकडे जातं. ते सगळं आता कशाला?"

फोन बंद झाला. तू माझ्याकडे बघितलंस, "आयतु" म्हणालीस आणि कूस बदललीस. माझी माफी मागितली नाहीस. मला वाटतं, तुझ्या मते ती मागून झाली होती. मला कमी पडली. अजूनही पडते. पुढच्या शनिवारी मी येण्याआधीच अण्णांचा फोन आला.

संस्थेत परवा तुझी शोकसभा झाली. अण्णा आणि वहिनी पुढच्या रांगेत होते. रघुनंदन सर बोलले. तुझा हात किती हलका होता, तू किती वर्षं दिलीस, सगळं खरंच सांगितलं. मग म्हणाले, "शैलजाने एवढ्या वर्षांत कधी कुणाशी वाद घातला नाही. आपलं मत कधी कुणावर लादलं नाही. त्या प्रकल्पातसुद्धा, शंका होती तिथे तिने शंका आहे असंच सांगितलं."

मी उठून उभी राहिले. ठरवून नाही.

"सर, तिला शंका नव्हती. तिने तुम्हाला फोनवर सांगितलं. मी तिथे होते."

सगळे वळले. सर हळू आवाजात म्हणाले, "मेधा, आज तिच्या घरची माणसं बसली आहेत."

"म्हणूनच सांगते आहे," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं. सदतीस डिग्रीचा हट्ट तुझा होता हे सांगितलं. धुतल्यावर रेघ परत आली होती, पेशी थकल्या नव्हत्या, आणि हे सगळ्यांत आधी तुला कळलं होतं हे सांगितलं. बैठकीत तू उलटं बोललीस, हेही सांगितलं. ते गाळलं असतं तर बाकीचं खोटं झालं असतं. माझं इंग्रजी चांगलं आहे असं तू म्हणायचीस. त्या दिवशी ते मध्ये मध्ये तुटत होतं.

वहिनी रडायला लागल्या. अण्णांना सगळं समजलं नसावं. त्यांना एवढंच कळलं की त्यांच्या बहिणीचं काहीतरी चुकलं असं मी भर सभेत म्हणते आहे. ते माझ्याकडे बघून कापऱ्या आवाजात म्हणाले, "आमच्या घरी जेवून गेलीस ना गं तू?" कुणीतरी घाईघाईने फुलांची परडी फिरवायला सुरुवात केली, आणि लोक सुटल्यासारखे उठले.

मी तिथेच उभी होते, अक्का. पुन्हा भरल्या खोलीत, पुन्हा तुझं म्हणणं बोलून, पुन्हा एकटी. आणि बोलून झाल्यावर मी शेजारी पाहिलं, तू आता काय म्हणतेस ते ऐकायला. तू माझी बाजू घ्यावीस अशी अपेक्षा मी केव्हाच सोडली आहे. निदान पेशी थकलेल्या असतील, एवढं म्हणायला तरी तू हवी होतीस.